मुलांच्या गालावरचे पांढुरके चट्टे: आधी नीट बघा, मग तेल लावा, ट्यूब नको

जानेवारीतल्या, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला फोटो होता. लेक आठ वर्षांची, नुकतीच पाळण्यातून उतरलेली, केस विस्कटलेले, हातात म्हातारीचे केस. घरी आल्यावर फोटो मोठा करून बघितला तेव्हा तिच्या उजव्या गालावर रुपयाएवढा फिकट गोल दिसला. आधी वाटलं साखर चिकटलीय. ओल्या फडक्यानं पुसलं, गेला नाही.

पुढच्या दोन दिवसांत मला तीन मतं मिळाली. सासूबाई म्हणाल्या, "जंत झालेत तिला, कॅल्शियम पण कमी पडायलंय." शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली करून विचारलं, "कोड तर नाही ना गं? पोरीची जात आहे." आणि घराजवळच्या एका मेडिकलमध्ये मी नुसतं "गालावर पांढरं आलंय" म्हटल्याबरोबर काउंटरवर एक ट्यूब आली. चिठ्ठी कुणी मागितली नाही, वयही कुणी विचारलं नाही. मी ती चार रात्री लावली. शिक्षिका असून लावली, कारण काकूंचा तो खालचा आवाज कानातून जात नव्हता.

पाचव्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी लेकीला खिडकीपाशी नेलं, तोंड उजेडाकडे वळवलं आणि अंगठा चट्ट्यावरून हळूच फिरवला. अंगठ्यावर पिठासारखा बारीक कोंडा आला. तो त्यांनी मला दाखवला. म्हणाले, "हे बघा, ही कोरडी कातडी आहे. कोड असतं तर कोंडा आला नसता." मग ट्यूब बघायला मागितली, मागचा बारीक मजकूर वाचला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

त्या दिवसापासून वर्गातल्या लेकरांचे गाल मी वेगळ्या नजरेनं बघते. दर थंडीत आणि दर उन्हाळ्यात दोन-चार गाल असे सापडतातच, आणि प्रत्येक आई त्याच तीन मतांतून गेलेली असते. मी डॉक्टर नाही. पण घरी काय बघायचं, काय लावायचं, काय अजिबात लावायचं नाही आणि कधी उठून दवाखान्यात जायचं, हे डॉक्टरांना विचारून आणि स्वतः करून जे कळलं ते सगळं इथे लिहिते.

हे नक्की काय असतं

डॉक्टरी नाव पिटिरियासिस आल्बा. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. ग्रीक भाषेत 'पिटिरॉन' म्हणजे कोंडा आणि लॅटिनमध्ये 'आल्बा' म्हणजे पांढरी. दळण चाळल्यावर चाळणीत उरतो तसला बारीक कोंडा धरणारा पांढुरका चट्टा, एवढंच ते नाव सांगतं.

साधारण ३ ते १६ वर्षांच्या मुलामुलींमध्ये हे दिसतं. जागा ठरलेल्या: गाल, तोंडाच्या कडेला, हनुवटी, कधी कपाळ. काही मुलांच्या मानेवर आणि दंडावरही येतं. चट्टा अर्ध्या सेंटिमीटरपासून दोन-चार सेंटिमीटरपर्यंत, गोल नाहीतर लांबट. एकच असतो किंवा चार-पाच. सुरुवातीला तो किंचित लालसर आणि खरखरीत असतो, पण ती अवस्था सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मग लाली जाते, फिकट रंग आणि कोंडा राहतो. शेवटी कोंडाही जातो आणि नुसता फिकट रंग बरेच महिने रेंगाळतो. बहुतेक आया या शेवटच्या टप्प्यावर घाबरतात, म्हणजे आजार जायला निघालेला असतो तेव्हा.

हा इसबाचाच अगदी सौम्य प्रकार मानला जातो. ज्या मुलांची कातडी मुळात कोरडी असते, ज्यांना कोपराच्या किंवा गुडघ्याच्या लवणीत खाज सुटते, सकाळी उठल्यावर शिंका येतात, घरात कुणाला दमा आहे, अशांना जास्त होतो. पण यातलं काही नसलेल्या मुलांनाही होतो. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्यानं, एका बाकावर बसल्यानं, एकच टॉवेल वापरल्यानं पसरत नाही.

कातडीला रंग देणाऱ्या पेशी त्या जागी शाबूत असतात, हे मला सगळ्यात धीर देणारं वाटलं. सौम्य दाहामुळे त्या काही काळ कमी रंग बनवतात. कोडात त्या पेशीच नाहीशा होतात. दोन्हीत फरक आहे तो हा.

सोलापुरात हे इतकं ठळक का दिसतं

आपल्याकडची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते. डिसेंबर-जानेवारीत ओठ फुटतात, पायाला भेगा पडतात, तेव्हा लेकरांच्या गालांतला ओलावाही निघून जातो. चट्टे बहुतेक तेव्हाच येतात. मात्र तेव्हा ते फारसे दिसत नाहीत.

मग मार्च लागतो. पारा चाळिशीच्या पुढे सरकतो, पोरं मैदानात असतात आणि आठवड्याभरात अख्खा चेहरा उन्हानं रापतो. चट्ट्याची जागा मात्र तितकी रापत नाही. त्यामुळे जो चट्टा जानेवारीत जेमतेम दिसत होता तो एप्रिलमध्ये लांबून दिसतो आणि आई म्हणते, "वाढायलंय हो हे!" तो वाढलेला नसतो, बाजूची कातडी काळवंडलेली असते. आपल्या सावळ्या लेकरांत हा फरक जास्तच उठून दिसतो. गोऱ्या मुलांनाही हे होतं, फक्त नजरेत भरत नाही.

पहिलं काम: उजेडात बघणं

ट्यूबलाइटखाली बघू नका. सकाळी आठ-नऊच्या सुमारास लेकराला दारात किंवा खिडकीपाशी बसवा. चेहरा साध्या पाण्यानं धुऊन, टिपून पाच मिनिटं जाऊ द्या. पावडर लावलेली असेल तर काहीच कळणार नाही. आता कड बघा. चट्टा कुठे संपतो आणि नेहमीची कातडी कुठे सुरू होते हे बोट ठेवून सांगता येतं का? पिटिरियासिस आल्बात कड विरघळल्यासारखी असते, पाण्याचा डाग कापडावर पसरत जातो तशी. मग रंग बघा: फिकट आहे की खडूसारखा पांढराशुभ्र? मग नखानं नव्हे, बोटाच्या पोटानं हळूच घासा. खरखरीत लागतं का, कोंडा निघतो का?

त्याच वेळी कपडे काढून पाठ, छाती, कोपरं, गुडघे, बोटांची टोकं आणि ओठांच्या कडा बघून घ्या. एकट्या गालावरून निर्णय करू नये. शेवटी मोबाइलवर फोटो काढा आणि जागा लक्षात ठेवा, कारण पुढचे फोटो त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला काढायचे आहेत. रोज बघून काही कळत नाही. मनाला एकदा वाढलं वाटतं, एकदा कमी वाटतं. महिन्याच्या अंतरानं काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले की खरं काय ते समजतं.

दुसरं काम: हे दुसरं काही नाही ना, ते तपासणं

कोडाची भीती सगळ्यात मोठी, म्हणून ते आधी. कोडाचा डाग दुधासारखा पांढराशुभ्र असतो, कड बहुधा स्पष्ट असते, कातडी गुळगुळीत असते, कोंडा नसतो. त्या जागेचे केस कधीकधी पांढरे होतात. ओठ, डोळ्यांभोवतालचा भाग, बोटांची टोकं, गुडघे, जुनी खरचटलेली जागा इथे तो सुरू झालेला दिसतो. अशी शंका आली तर डॉक्टर अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प नावाचा जांभळट दिवा लावून बघतात. कोड त्यात झगझगीत पांढरं उजळतं, आपला हा चट्टा तसा उजळत नाही. आणि कोड निघालंच तरी तेही संसर्गजन्य नाही, त्यावर उपचार आहेत आणि लवकर सुरू केले तर लहान मुलांच्या चेहऱ्यावर ते चांगला गुण देतात. त्यामुळे भीतीनं दवाखाना टाळण्यात काही अर्थ नाही.

शिबं वेगळी. ती बुरशीमुळे येतात, घामाच्या दिवसांत जास्त, बहुतेकदा छाती, पाठ, मान आणि खांद्यांवर. लहान मुलांत चेहऱ्यावरही येऊ शकतात, आणि तिथे डोळ्यांना फरक करणं अवघड जातं. डॉक्टर थोडा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, पाच-दहा मिनिटांचं काम असतं. गजकर्ण ओळखायला त्यामानानं सोपं: कड उठावदार, लालसर, खाजरी आणि मध्यभाग मोकळा होत जातो. ते मात्र एकाचं दुसऱ्याला होतं. घरात आणखी कुणाला असलं खाजरं वर्तुळ असेल तर आधी तेच मनात आणा.

जन्मापासून असलेला, मुलासोबत वाढलेला फिकट डाग ही जन्मखूण असू शकते. तो ना खाजतो, ना कोंडा धरतो.

आता कुष्ठरोग. हे नाव घ्यायला लोक कचरतात, पण मी घेणार, कारण तो अजून संपलेला नाही आणि लवकर कळला तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर स्पर्श कमी कळणं, घाम न येणं, केस विरळ होणं ही त्याची लक्षणं. लेकराचे डोळे मिटायला सांगून कापसाची वात चट्ट्यावर आणि बाजूच्या कातडीवर टेकवून "कुठे लागलं, बोट ठेव" असं विचारता येतं. हातापायांवरच्या चट्ट्यासाठी ही परीक्षा बऱ्यापैकी उपयोगी आहे. चेहऱ्यावर मात्र तिच्यावर विसंबू नका. चेहऱ्याला मज्जातंतूंचं जाळं दाट असल्यामुळे तिथे बधिरपणा सहज सापडत नाही. शंका असेल तर सरकारी दवाखान्यात जा. तपासणी आणि औषधं तिथे फुकट मिळतात. चट्टे थोडे असतील तर उपचार सहा महिन्यांचा असतो, जास्त असतील तर वर्षभराचा.

जंत, कॅल्शियम, दूध-मासे

सासूबाईंची पिढी चुकीच्या हेतूनं बोलत नाही. त्यांच्या काळी लेकरांच्या पोटात जंत सर्रास असायचे आणि चट्टेही सर्रास असायचे, म्हणून दोन्हींची जोडी लागली. पण या चट्ट्याचं कारण जंत नाहीत. शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती जरूर घेऊ द्या. ती रक्त कमी होऊ नये म्हणून, वाढ नीट व्हावी म्हणून. गालासाठी महिन्या-महिन्याला विकत आणून देऊ नका.

कॅल्शियमचंही तेच. कॅल्शियम कमी पडलं तर ते हाडांवर, दातांवर दिसतं, गालावर पांढरा गोल होऊन उमटत नाही. नखांवरचे पांढरे ठिपकेही बहुधा नखाला लागलेल्या माराचे असतात. सरबतासारखी कॅल्शियमची बाटली संपवून चट्टा गेला असं कुणी सांगितलं, तर तो त्या दोन महिन्यांत आपोआप जाणारच होता.

दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानं किंवा आंबट खाल्ल्यानं पांढरे डाग येतात हेही खरं नाही. मी एका मुलाचं दूध याच कारणानं सहा महिने बंद केलेलं पाहिलंय. चट्टा होता तिथेच राहिला आणि पोराचं दूध मात्र तुटलं. भाकरी, पालेभाजी, डाळ, शेंगाचटणी, दूध, दही, अंडं, घरात जे चालतं ते सगळं चालू द्या.

तिसरं काम: आंघोळ बदलणं

औषधाआधी हे, कारण अर्धा कोरडेपणा आपण मोरीतच तयार करतो.

थंडीत बंबातलं कढत पाणी आपल्याला बरं वाटतं, लेकराच्या गालाला नाही. कढत पाणी कातडीवरचं नैसर्गिक तेल धुऊन नेतं. कोपर बुडवून पाणी कोमट लागलं पाहिजे. आंघोळ पाच ते दहा मिनिटांत उरकायची. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पुष्कळ घरांत बोअरचं पाणी वापरलं जातं. त्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, मग आपण साबण जास्त घासतो, आणि तो नीट निघतही नाही. चेहऱ्याला रोज साबण लावायची गरजच नाही. पाण्यानं धुवा. मळ असेल तर बिनवासाचा, सौम्य, लहान मुलांसाठीचा साबण तळहातावर फेसाळून तेवढाच लावा आणि भरपूर पाण्यानं काढा. शक्य असेल तर शेवटचा एक तांब्या नळाच्या पाण्याचा ठेवा.

बेसन, उटणं, मसूरपीठ, घासणी यांनी कोंडा घासून काढू नका. घासला की संध्याकाळपर्यंत पुन्हा येतो, वर कातडी चिडते ती वेगळीच.

टॉवेलांच्या गावात राहून टॉवेलाबद्दल सांगायला हवंच. नवा कोरा टॉवेल दोन-तीनदा धुऊन मऊ झाल्याशिवाय लेकराच्या तोंडाला लावू नका. आणि पुसायचं म्हणजे घासायचं नाही, नुसतं टेकवून टिपायचं. चेहरा किंचित ओलसर राहिला पाहिजे, ते पुढच्या कामासाठी लागतं. झोपेत चादरीत गाल घासणारी मुलं असतात. माझी लेक तशीच, चादर नाकापर्यंत ओढून तोंड त्यात चोळायची. आपली सोलापुरी चादर उबदार खरी, पण विणीचा खडबडीतपणा गालाला लागतोच. मी जुन्या सुती साडीचा पट्टा चादरीच्या वरच्या काठाला टाचून टाकला. दोन टाक्यांचं काम, पण सकाळचा लालसरपणा त्यानं कमी झाला.

चौथं काम: ओलावा देणं, हाच मुख्य उपचार

चेहरा टिपल्यावर तीन मिनिटांच्या आत, ओल असतानाच लावायचं. तेल किंवा मलम स्वतः पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवून धरतं. कोरड्या ठणठणीत गालावर लावलं तर निम्मा उपयोग वाया.

काय लावायचं? पेट्रोलियम जेली सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची. वास नको, रंग नको, फक्त जेली. तुरीच्या डाळीएवढी घ्या, दोन बोटांत चोळून पातळ करा आणि चट्ट्यावर व त्याच्या बाजूच्या बोटभर जागेत हलक्या हातानं पसरा. दिवसा ती चिकट होते, धूळ धरते, म्हणून रात्रीसाठी ठेवा. सकाळी आणि शाळेतून आल्यावर बिनवासाचं मॉइश्चरायझर क्रीम लावा. ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेलं मिळालं तर उत्तम. लहान मुलांना शुद्ध खोबरेल तेलही चालतं, ओलसर गालावर दोन थेंब. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या, मुरमं सुरू झालेल्या मुलांना मात्र चेहऱ्याला खोबरेल नको, त्यानं छिद्रं बुजतात. मोहरीचं तेल चरचरतं, ते टाळा.

कुठलीही नवी क्रीम थेट गालाला लावू नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा. लाली, खाज नाही आली तर गालाला.

दिवसातून तीनदा. एकदा लावून "काही फरक नाही" म्हणायचं नाही. कोंडा आणि खरखर दोन-तीन आठवड्यांत कमी होते. रंग यायला काही महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. रंगाच्या मागे लागून क्रीम बदलत बसणाऱ्या आयांना मी एकच सांगते: बोटाला गाल मऊ लागतोय ना, मग उपचार बरोबर चाललाय.

दोन गोष्टी शाळेत रोज दिसतात. एक, चट्टा झाकायला आया पावडर थापतात. पावडर ओलावा शोषते आणि कोंड्यावर बसून चट्टा आणखी पांढरा करते. बंद करा. दुसरी, ओठ चाटायची सवय. तोंडाभोवतीचे चट्टे असणारी मुलं सारखी जीभ फिरवत असतात. रागावून ती सवय सुटत नाही. दप्तरात जेलीची छोटी डबी द्या आणि "जीभ फिरवावीशी वाटली की हे लाव" म्हणा.

लिंबू, चिंचेचं पाणी, लसूण, चुना यांतलं काहीही गालाला लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि काळे डाग पडतात. आणि बावचीचं तेल. कोडावरचं म्हणून ते घरोघरी सुचवलं जातं. बावचीतल्या द्रव्यानं कातडी उन्हाला विलक्षण संवेदनशील होते. लेकराच्या गालाला लावून एप्रिलच्या उन्हात पाठवलं तर फोड येतात. कुणी कितीही मायेनं आणून दिलं तरी ते लावू नका.

पाचवं काम: ऊन सांभाळणं

ऊन अडवल्यानं चट्टा बरा होत नाही, पण बाजूची कातडी कमी रापते आणि फरक मिटायला मदत होते. रुंद काठाची टोपी किंवा सुती स्कार्फ हा पहिला उपाय, फुकटातला. मार्च-एप्रिलात शाळा सकाळची होते, पण सुटेपर्यंत ऊन चढलेलंच असतं, तेव्हा टोपी दप्तरात हवीच. सकाळी दहा ते दुपारी चार मैदान नको. क्रिकेटला पाच वाजता पाठवा, तेव्हाही पुरेसा उजेड असतो.

सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा जास्त, झिंक ऑक्साइडवालं, लहान मुलांसाठीचं. क्रीम लावून झाल्यावर, बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांएवढं लागतं. बाहेर जास्त वेळ असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. नाही परवडलं तर टोपीवर भागतं, अपराधी वाटून घेऊ नका.

ती ट्यूब

माझ्याकडून झालेली चूक म्हणून हे जरा ठासून लिहिते. काउंटरवर मिळणाऱ्या पुष्कळ ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र असतात: बुरशीचं, जंतूंचं आणि एक जोरकस स्टिरॉइड. ट्यूबच्या मागे क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं नाव दिसलं की थांबा. पहिल्या चार दिवसांत फरक दिसतो, म्हणूनच ती खपते. लेकराच्या चेहऱ्याची कातडी पातळ असते. आठवडेच्या आठवडे लावलं की ती आणखी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते आणि त्या जागेचा रंगही उलट आणखी फिका पडतो. बंद केलं की चेहरा लाल होऊन जळजळतो, मग पुन्हा तीच ट्यूब. गजकर्ण असेल तर ते झाकलं जातं आणि आतून पसरतं. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी बरीच स्टिरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तुम्हीही चिठ्ठीशिवाय मागू नका.

स्टिरॉइड हा शब्दच वाईट, असं मात्र नाही. चट्टा लाल असेल, खाजत असेल, तर डॉक्टर १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य मलम थोडे दिवस देतात. कधी दोन वर्षांपुढच्या मुलांना टॅक्रोलिमस देतात, जे स्टिरॉइड नाही. किती दिवस, किती वेळा, हे त्यांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि तेवढंच लावा.

कुणी ती जोरकस ट्यूब महिनोन्‌महिने लावत आला असेल तर आज वाचून आजच बंद करू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ते हळूहळू कमी करायला सांगतील.

दवाखान्यात कधी जायचं

खडूसारखा पांढरा, स्पष्ट कडेचा डाग दिसला तर लगेच. चट्ट्यावर स्पर्श कळत नाही असं वाटलं तर लगेच. कड उठून आली, पाणी किंवा पू सुटला, खाजेनं झोप मोडू लागली, डोक्यावर केस गळून गोल पडला, किंवा चट्टे भराभर अंगभर पसरू लागले तरीही थांबू नका. आणि यातलं काही नसेल, पण दोन-तीन महिने मनापासून वरचं सगळं करूनही खरखर कमी होत नसेल, तर एकदा दाखवून या.

खासगी तज्ज्ञ परवडत नसतील तर आपलं सिव्हिल आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी चालते. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा. जाताना चेहऱ्याला पावडर, तेल, क्रीम काही लावू नका, नाहीतर कोंडा दिसणार नाही. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, बाटल्या, घरगुती तेलं पिशवीत घालून न्या आणि मोबाइलमधले महिन्या-महिन्याचे फोटो दाखवा. "कधीपासून आहे, खाजतं का, घरात कुणाला दमा किंवा कोड आहे का" हे विचारलं जाणारच, उत्तरं आधी आठवून ठेवा.

लेकराशी काय बोलायचं

हे शेवटी लिहितेय म्हणून कमी महत्त्वाचं समजू नका. माझ्या वर्गात एका मुलीनं मधल्या सुट्टीत डबा एकटीनं खायला सुरुवात केली होती, कारण कुणीतरी "हिला कोड आहे" म्हणालं होतं. आठ-नऊ वर्षांच्या पोराला त्या शब्दाचा अर्थ कळत नाही, पण तो उच्चारताना मोठ्यांचा उतरलेला चेहरा कळतो. म्हणून लेकरासमोर चट्ट्याची चर्चा करू नका. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना गाल वळवून दाखवू नका. वर्गशिक्षिकेला एकदा भेटून सांगा की हे लागत नाही, मुलांना शेजारी बसू द्या. आम्हाला सांगितलं की आम्ही ते नक्की बघतो.

आणि लेकराला तोंडपाठ होईल असं एक साधं वाक्य द्या. माझ्या लेकीला मी दिलं होतं: "माझी कातडी कोरडी आहे, क्रीम लावते, जाईल." कुणी विचारलं की ती तेवढंच सांगायची आणि खेळायला पळायची.

त्या पहिल्या चट्ट्याचा रंग दिवाळीपर्यंत बाजूच्या कातडीत मिसळला होता. फोटोंत ऑक्टोबरचा गाल पाहून मला तो शोधावा लागला. पुढच्या गड्ड्याच्या सुमारास डाव्या गालावर दुसरा आला, छोटा, हरभऱ्याएवढा. असे ते काही वर्षं येत-जात राहतात, मोठेपणी बहुतेकांचे थांबतात. या वेळी तो मला दिसायच्या आधी तिलाच आरशात दिसला. तोंड धुऊन आली, टिपलं, फडताळातली डबी काढली, बोटभर लावलं आणि डबी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात टाकून शाळेला निघाली.